मटकीचा मोड आणि मातीतले लोह



आपल्या अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत, त्या काळी येथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. घोड्याला भिजवलेला हरभरा आणि माणसाला मोडाची उसळ, ही रीत आपल्याकडे जुनीच. तिच्यातले मर्म शास्त्राला कळले ते मात्र अलीकडे.

1912 साली नॉर्वेतील फ्यूर्स्ट यांनी दाखवले की, कोरड्या धान्यात नसलेले स्कर्व्ही टाळणारे द्रव्य मोड येताच दाण्यात उत्पन्न होते. आज आपण त्याला 'क' जीवनसत्त्व म्हणतो. पण हे ज्ञान लष्कराच्या शिध्यापर्यंत पोचले नाही. डिसेंबर 1915 मध्ये मेसोपोटेमियातील कूत येथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तीत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. ताजी भाजी मिळेना. हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरली. 29 एप्रिल 1916 रोजी सैन्य शरण गेले. पुढे लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक यांनी आग्रहाने सांगितले की, शिध्यातले कडधान्य अख्खे द्यावे आणि भिजवून मोड आणावेत. अख्खेच का? कारण भरडलेल्या डाळीला मोड येत नाही!

आता खनिजांचे पाहू. मोडाने लोह वाढत नाही. जमिनीने दाण्याला दिले तेवढेच असते. परंतु फायटिक आम्लाने बांधून ठेवलेले लोह आणि जस्त मोड येताना काही अंशी मोकळे होते. वर लिंबू पिळले तर ते लोह अंगी अधिक लागते. याही पुढे जाऊन, लोह, जस्त किंवा सेलेनियम यांच्या सौम्य द्रावणात बी भिजवून मोडांतच खनिज भरण्याचे प्रयोग शास्त्रज्ञांनी केले आहेत. मोड ते शोषून घेतात, हे खरे.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. पंजाबात काही भागांतील जमिनीत सेलेनियम फार. तेथला चारा खाऊन गुरे आजारी पडली आहेत. गुण आणि विष यांत फरक मात्रेचा. म्हणून हे काम प्रयोगशाळेचे. दुकानातले क्षार आणून घरच्या भांड्यात टाकू नयेत.

आपल्या भगिनींतील रक्तक्षय हा घरोघरचा प्रश्न आहे. एकटी उसळ तो सोडवणार नाही. तेथे वैद्यकीय उपचारच हवेत. पण कूतच्या शिपायाला जे मिळाले नाही, ते आपल्या फडक्यात रात्रभर बांधलेले असते. ते घरातल्या स्त्रीच्या ताटातही पडावे, सर्वांचे जेवण आटोपल्यावर उरले तर नव्हे, पहिल्या वाढणीला, एवढीच माझी विनंती.