अर्जात फक्त बस मागितली होती

साल १९४७. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या क्लॅरेंडन काउंटीत, मातीच्या रस्त्याच्या कडेला तुम्ही उभे आहात. गोऱ्या मुलांची बस तुमच्या अंगावर धुरळा उडवून निघून जाते. अशा तीस बस इथे आहेत. कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नाही. त्यांनी मैलोगणती चालायचं.

उद्या तुम्हाला हा इतिहास वर्गात शिकवायचा आहे. पुस्तकातला धडा शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या १९५४च्या ‘ब्राउन’ निकालापासून सुरू होतो. तुम्ही त्याच्या आधीचे कागद उचला.

पहिला कागद लीव्हाय पिअरसन या शेतकऱ्याचा. त्याची मागणी एवढीच, की मुलांना बस द्या. १९४८ साली दावा फेटाळला जातो. कारण? त्याचं शेत दोन शाळा-विभागांच्या हद्दीवर आहे आणि तो कर भरतो दुसऱ्या विभागात. मुलांना विचारा, या कारणात वर्णाचा उल्लेख कुठे आहे?

नोव्हेंबर १९४९. आता अर्जावर अनेक पालकांच्या सह्या आहेत आणि मागणी बसपुरती उरलेली नाही. शाळाच बरोबरीच्या हव्यात. यातून उभ्या राहणाऱ्या खटल्यात पहिलं नाव लागतं हॅरी ब्रिग्ज यांचं. नौदलातून परतलेला हा माणूस पेट्रोलपंपावर नोकरी करतो. सही केल्यावर ती नोकरी जाते. मोटेलात साफसफाई करणाऱ्या त्याच्या बायकोचंही काम सुटतं. अर्जाच्या पानावर यातलं काहीच दिसत नाही. म्हणून सहीसुद्धा वाचायला शिकवा.

२८ मे १९५१. चार्ल्स्टनच्या फेडरल कोर्टाचा जिना माणसांनी भरला आहे. वाट काढत तुम्ही आत शिरता. समोर तीन न्यायाधीश. सरकारी बाजूचे वकील रॉबर्ट फिग सुरुवातीलाच उठून कबूल करतात, की शाळा समान नाहीत; सुधारायला वेळ द्या. पुरावा देण्याआधीच प्रतिपक्षाच्या हातचं शस्त्र काढून घ्यायचा हा डाव. पण पालकांचे वकील थर्गुड मार्शल यांची तक्रार आता गळक्या इमारतींपुरती नाही. डिसेंबर १९५०मध्ये नव्याने दाखल केलेल्या दाव्यात वेगळं बसवण्यालाच आव्हान आहे. म्हणून मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क साक्षीला येतात. गोरी आणि काळी बाहुली समोर ठेवल्यावर याच काउंटीतल्या सोळा मुलांपैकी दहा जणांनी गोरी बाहुली चांगली ठरवली, असं ते सांगतात. स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या मुलांनी.

२३ जून. निकाल दोन विरुद्ध एक. इमारती सुधारा, पण मुलं वेगळीच बसतील. वर्गात मात्र एकट्या पडलेल्या न्यायाधीश वेटीज वॉरिंग यांचं विरोधी मत आधी वाचा. वेगळं ठेवणं हीच विषमता, असं ते बजावतात. तीन वर्षांनी ‘ब्राउन’ निकालात, ज्यात हा खटलाही सामील होता, सर्वोच्च न्यायालय एकमताने त्याच दिशेला येतं. हरलेल्या बाजूचा कागदही जपायचा असतो, हे मुलांना इथे कळेल.

आता शेवटचा कागद वाटा. १९५५चा आदेश, निकालाची अंमलबजावणी कशी करायची ते सांगणारा. प्रत्येकाच्या हाती पेन्सिल द्या आणि शाळा कोणत्या तारखेपर्यंत एकत्र करायच्या, ती तारीख अधोरेखित करायला सांगा. सगळी पानं कोरीच परत येतील. पुढचा तास तिथून सुरू करा.