कुमैतचा युक्तिवाद

१२. कुमैत इब्न झैद अल-असदी (सुमारे ६८०–७४३) : कूफ्याचा कवी. येथे रोख त्याच्या ‘हाशिमीयात’ या कवितांकडे आहे. उमय्या खलिफांची बाजू अशी, की पैगंबर कुरैश जमातीचे, आम्हीही कुरैश, म्हणून सत्ता आमची. कुमैत हे खोडून काढत बसत नाही. वादापुरते मान्यच करतो. नात्यावरून हक्क ठरायचा असेल, तर पैगंबरांचे स्वतःचे कुळ, म्हणजे बनू हाशिम, अधिक जवळचे. नाते मोजायचेच नसेल, तर मग एकट्या कुरैशांनाच मान का? इतर अरब जमातींनाही वाटा हवा. उलटतपासणीत मुरलेल्या वकिलाचाच हा डाव. त्या काळची राजकीय कविता बहुधा स्तुती किंवा निंदा यांवर भागवी. उमय्यांचा दरबारी कवी अखतल त्यात निष्णात होता. कुमैत मात्र प्रेयसीच्या आठवणींनी आरंभ करण्याचा रूढ संकेतही झुगारतो. पुढे त्याला कैद झाली. पत्नीचे कपडे घालून तो निसटला, असे जुने चरित्रकार सांगतात. नंतर खलिफा हिशामची स्तुती करून त्याने माफी मिळवली. त्यावरून त्याला संधिसाधू ठरवणे आम्हाला घाईचे वाटते.