हलगी शेकताना

संक्रांतीच्या सुमाराला आमच्या बोळात पहाटेपासून रद्दी जळल्याचा वास यायचा. माझं माहेर सोलापूरच्या उत्तर कसब्यात, हिरेहब्बू वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. बोळाच्या तोंडाशी चार-पाच जण उकिडवे बसून कागद नि तुराट्यांचा जाळ करत आणि त्यावर हलग्या धरत. फार जवळ नेली तर कातडं फुटणार, लांब राहिली तर आवाज भद्द येणार. मधूनच टिचकी मारून बघायचं. टण्‌कन वाजली की गडी उठलाच. थंडीनं नि दवानं कातडं पुन्हा सैल पडे, म्हणून मिरवणूक चार ठिकाणी थांबली की चार ठिकाणी जाळ पेटे. गड्ड्याची यात्रा म्हटली की लोकांना होम मैदानावरचे पाळणे आठवतात, मला तो धूर आठवतो.

वस्तू म्हणून पाहिलं तर हलगी अगदीच साधी. दीड वितीचं कडं, पूर्वी लाकडी, पुढं लोखंडी किंवा पितळी. एका अंगाला शेळीचं कातडं, दुसरं अंग उघडं. डाव्या हातात बारीक लांब काडी, उजव्यात आखूड जाड टिपरू. काडी कडकडते, टिपरू ठोका देतं. सोबत घुमकं आणि कैताळ असेल तर ताफा पुरा. नावसुद्धा मराठी की कानडी, सांगणं अवघड. कानडीत हलगे म्हणजे फळी आणि हे वाद्यही. आमच्या गल्लीत कानडी आजी ‘हलगी’ म्हणायची, पूर्व भागातले तेलुगू पद्मशाली त्याच जातीच्या वाद्याला ‘डप्पू’ म्हणायचे. तीन भाषांच्या गावात वाद्यालाही तीन घरं लागतात.

ज्यांची ही यात्रा ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, वचनं लिहिली ती कानडीत. त्यांनी सोलापूरभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना यात्रेच्या पहिल्या दिवशी तैलाभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. कुंभारकन्येचं लग्न सिद्धरामांच्या योगदंडाशी लागतं. सात नंदीध्वज वाड्यातून निघतात. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस एवढा उंच, जड ध्वज कमरेवर तोलून चालतो, तेव्हा त्याची पावलं कान सांभाळत असतात असं मला नेहमी वाटत आलं आहे. हलगीचा ठोका चुकला तर तो अडखळेल, या धास्तीनं मी लहानपणी श्वास रोखून बघत असे.

पण वर्षाचे पाच दिवस देवापुढं वाजणारं हे वाद्य उरलेले दिवस काय करत होतं? खेड्यात वरात, पोळा, कुस्तीचं मैदान, मयत आणि दवंडी. दवंडी तर सरकारदरबारीही होती. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम ढोल वाजवून किंवा रूढ पद्धतीनं जाहीर करावा, असा नियमच आहे. ज्याचं घर जप्त व्हायचं त्याच्या दारापुढं वाजवणारा मात्र बहुधा गावकुसाबाहेरचा, मांग समाजातला. तो बलुत्यावर वाजवी. ‘आज नको’ म्हणायची त्याला सोय नव्हती.

हलगी डीजेनं मारली, असं हल्ली जो तो म्हणतो. मला हे पटत नाही. डीजे फार उशिरा आला. त्याच्या कितीतरी आधी माणसांनी ती आपणहून खाली ठेवली होती. १९५६च्या धर्मांतरानंतर अनेक गावांत पूर्वाश्रमीच्या महारांनी वाजंत्रीसकट सगळी गावकीची कामं टाकली. १९५८च्या कायद्यानं कनिष्ठ ग्रामवतनं रद्द झाली. मांगवाड्यातली शिकलेली पोरंही मग हलगीकडं पाठ फिरवू लागली. परंपरा बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांनी कधी मयतीपुढं अनवाणी चालत वाजवली होती का, हे आधी विचारावं.

माझ्या वर्गात अशा घरातला एक मुलगा होता. वडील यात्रेत वाजवायचे, ठोका ऐकून गल्ली ओळखायची की हे तेच. मुलगा मॅट्रिकला गेला नि त्यानं हलगीला हात लावणं सोडलं. एकदा स्नेहसंमेलनात मास्तरांनी सगळ्यांदेखत त्याला वाजवायला सांगितलं. तो उठला, वर्गाबाहेर गेला, आठवडाभर शाळेत आला नाही. मी तेव्हा हसणाऱ्यांत होते.

गेल्या वर्षी ऑकलंडला राहणाऱ्या भाच्यानं मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. कुक बेटांवरची मुलं कोरलेल्या ओंडक्यांवर दोन काठ्यांनी कडकडाट करत होती. पॅसिफिकच्या बेटांवर असे पोकळ ओंडके जागोजाग आहेत. फिजीत त्याला लाली म्हणतात, लोकांना गोळा करायला ती वाजवत. मिशनरी आले, गाव ख्रिस्ती झालं, तरी प्रार्थनेची हाक लालीच देत राहिली. आमच्या दवंडीची सख्खी बहीण. ओंडक्याला कातडं नाही, म्हणून समुद्राच्या दमट हवेची भीती नाही आणि जाळही लागत नाही. हवाईच्या पाहू या ढोलावर मात्र शार्कचं कातडं चढवतात. हे वाचल्यावर मला आमची शेळी फार गरीब वाटली.

चित्रफीत दाखवली ती त्याच वर्गमित्राला, एका लग्नात भेटला तेव्हा. सरकारी नोकरीतून निवृत्त झालाय. त्यानं ती दोनदा पाहिली आणि काही न बोलता मांडवाच्या दाराकडं बोट केलं. वाजवणाऱ्या पथकात त्याचा नातू होता. बीकॉम झालेला, तासाचा दर ठरवून, आगाऊ रक्कम घेऊन वाजवणारा. पोरगं दम खायला थांबलं, तेव्हा आजोबांनी त्याच्या हातातली हलगी घेतली. पन्नासएक वर्षांनी असेल. टिचकी मारली, तोंड वाकडं केलं आणि आचाऱ्याच्या चुलीकडं चालू लागले.

नातू मागून ओरडत धावला, “आजोबा, थांबा! प्लास्टिकचं पान आहे, वितळंल ते!”