तुकोजी

इंदूरच्या तुकोगंजात पत्ता सांगताना आपण रोज एका राजाचे नाव घेतो: तुकोजीराव होळकर. या नावाचे तिघे गादीवर बसले. पहिले अहिल्याबाईंचे सेनापती, तिसऱ्यांनी १९२६ मध्ये गादी सोडली. मूळ शब्द ‘तुका’. त्याचे नाते मला तुळजाभवानीच्या ‘तुकाई’ या नावाशी दिसते. कोंढणपूरची देवीही तुकाईच. ‘बा’ लागला की तुकोबा, देहूचे. ‘जी’ लागला की तुकोजी, मालोजी-कान्होजींच्या पंगतीतले. एकाच तुक्याला एक प्रत्यय वारीत नेतो, दुसरा घोड्यावर बसवतो! ‘गंज’ मात्र फारसी, म्हणजे खजिना, पुढे बाजारपेठ. मराठीतला लोखंडावरचा गंज वेगळा. आज बारशाला तुकोजी हे नाव क्वचितच निघते. तुमच्या ओळखीत कुणी असेल, तर कळवा.