चारही चाकांची ओढ

मालमोटारीची सगळीच चाके फिरताना दिसतात. परंतु त्यांपैकी किती चाके गाडी ओढतात आणि किती नुसती मागे-पुढे जातात, हे पाहणाऱ्यास कळत नाही. साध्या मालमोटारीत इंजिनाची शक्ती केवळ मागच्या चाकांस मिळते. पुढची चाके भार वाहतात आणि दिशा देतात, इतकेच. बांधलेल्या रस्त्यावर तेवढे पुरतेही. मात्र चिखलात वा वाळूत मागची चाके जागच्या जागी गरगरू लागली, म्हणजे पुढची चाके असून नसल्यासारखी होतात.

या उणिवेवरील उपायाचा इतिहास बराचसा अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात घडला. क्लिंटनव्हिल येथे ऑटो झाचोव आणि विल्यम बेसरडिच या मेहुण्यांनी १९०८ च्या सुमारास चारही चाकांस शक्ती पुरविणारी गाडी सिद्ध केली. त्याच राज्यातील केनोशा येथे जेफरी कंपनीने १९१३ साली आपली ‘क्वाड’ ही मालमोटार तयार केली. पहिल्या महायुद्धात या दोन्ही गाड्यांनी चिखलाने भरलेल्या वाटांवरून दोस्तांची रसद वाहिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन जीप आणि कॅनडात बनलेल्या लष्करी मालमोटारी ब्रह्मदेशाच्या रणभूमीपर्यंत पोहोचल्या, आणि हे यंत्र भारतीय चालकांच्या व मिस्त्रींच्या हाती आले.

स्वातंत्र्यानंतर अशी गाडी देशातच घडवावी, हा विचार साहजिकच बळावला. त्याची एक साखळी मध्य प्रदेशात जुळलेली दिसते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. त्या वेळी भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो ज्या राज्यात होता, त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि दुर्ग मध्य प्रदेशात राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. त्याच वर्षी जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून ‘शक्तिमान’ ही चारही चाकांनी चालणारी मालमोटार बाहेर पडली. तिच्यामागे जर्मनीच्या मान कंपनीशी झालेला करार होता. १९६२ च्या युद्धाने हिमालयातील दुर्गम वाटांवर अशा वाहनांची निकड स्पष्ट केली, आणि १९६९ मध्ये जबलपुरात स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला.

परंतु करारान्वये यंत्र मिळते. त्याचे दुखणे ओळखण्याची विद्या मिळतेच असे नाही. खुर्सीपार हा भिलाईच्या कारखान्यालगतचा कामगारवस्तीचा भाग. तेथून नागपूर-रायपूर हमरस्ता जातो. या यंत्राचे पहिले दुखणे नेमके अशा टणक डांबरी रस्त्यावरच उद्भवते. वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. जुन्या धर्तीच्या बहुतेक गाड्यांत पुढचा व मागचा आस ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांशी घट्ट जोडला जातो. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. डांबरावर त्यांना घसरता येत नाही. मग सारा पीळ शाफ्ट आणि गिअर यांत साठतो. सुकाणू जड होते, टायर झिजतात आणि दांडा अडकून बसतो. अशा वेळी दांड्याशी झोंबण्यापेक्षा गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली, तर पीळ पुष्कळदा सुटतो. पुढच्या व मागच्या टायरांचे आकार भिन्न असले, तर सरळ रस्त्यावरही हाच प्रकार घडतो. आणि निर्दोष गिअर व्यर्थ बदलले जातात.

याच्या उलट तक्रार म्हणजे पुढची चाके ओढतच नाहीत. तिचा शोध क्रमाने घ्यावा लागतो. दांडा टाकल्यावर पुढचा शाफ्ट शक्ती घेत नसेल, तर दोष दांड्याच्या जोडकामात किंवा ट्रान्सफर केसमध्ये असतो. शाफ्ट फिरूनही चाके ओढत नसतील, तर तो डिफरन्शियलमध्ये, आसात वा चाकाच्या तुंब्यात शोधावा. वळताना कटकट आवाज आला, तर पुढच्या चाकांजवळचे सांधे झिजल्याची शंका घ्यावी. एकच चाक चिखलात फिरून दुसरे स्तब्ध राहते, हा मात्र बहुधा दोष नव्हे. तो साध्या डिफरन्शियलचा स्वभावच होय.

डोंगरवाटेवर रसद घेऊन निघालेल्या चालकाचा जीव आणि पुढे वाट पाहणाऱ्यांचे अन्न, दोन्ही या परीक्षेवर अवलंबून असतात. म्हणून भिलाईची भट्टी आणि जबलपूरची मालमोटार यांच्या इतिहासात कारखान्यांच्या उद्‌घाटनांइतकेच स्थान त्या अनाम मिस्त्रींनाही दिले पाहिजे, ज्यांनी परक्या देशाचे यंत्र उघडून पाहिले, त्याचा स्वभाव जाणला आणि ते खऱ्या अर्थाने आपले केले.