पल्स ऑक्सिमीटर घेताना काय पाहावे? त्यावरचा आकडा कितपत खरा मानावा?

बोटाला चिमट्यासारखे लावले की काही सेकंदांत रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी सांगणारे छोटे यंत्र म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. कोविडच्या आधी ते बहुतेकांनी रुग्णालयातच पाहिलेले असायचे. २०२० नंतर मात्र ते घरोघरी थर्मामीटरच्या शेजारी येऊन बसले. दमा, सीओपीडी किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांना आणि घरी ऑक्सिजन लावावा लागणाऱ्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो.

अडचण अशी की दुकानात आणि ऑनलाइन दिसायला सारखीच असलेली कितीतरी यंत्रे मिळतात. त्यातले चुकीचे यंत्र घरात असणे हे यंत्र नसण्यापेक्षा वाईट. पडद्यावर ९७ दिसते म्हणून धाप लागलेल्या माणसाला रात्रभर घरीच ठेवले, तर नुकसान यंत्राच्या किमतीपुरते राहत नाही.

यंत्र काम कसे करते?

यंत्राच्या एका बाजूला दोन दिवे असतात. एक लाल प्रकाशाचा (सुमारे ६६० नॅनोमीटर) आणि दुसरा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचा (सुमारे ९४० नॅनोमीटर). ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन इन्फ्रारेड प्रकाश जास्त शोषते, तर ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषते. बोटातून पलीकडे किती प्रकाश पोहोचला, यावरून यंत्र टक्केवारी काढते.

पण प्रकाश त्वचा, हाड आणि नखातही शोषला जातो. मग रक्ताचा हिशोब वेगळा कसा काढायचा? प्रत्येक ठोक्याला धमनीतील रक्त वाढते-कमी होते, बाकीचे सगळे स्थिर राहते. ही हलती बाजू वेगळी काढायची कल्पना जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. म्हणूनच या यंत्राच्या नावात ‘पल्स’ म्हणजे नाडी आहे. नाडी नीट सापडली नाही, तर ऑक्सिजनचा आकडाही भरवशाचा राहत नाही.

आकड्यांचा अर्थ काय?

पडद्यावर दोन आकडे दिसतात. एक ऑक्सिजनची टक्केवारी (एसपीओटू) आणि दुसरा मिनिटाला नाडीचे ठोके.

- ९५ ते १०० : निरोगी व्यक्तीत सर्वसाधारण.
- ९० ते ९४ : डॉक्टरांशी बोलावे.
- ९० च्या खाली : तातडीने रुग्णालय गाठावे.

सीओपीडीच्या काही रुग्णांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ हीच योग्य पातळी ठरवतात. अशा रुग्णाने शेजाऱ्याच्या ९८ शी स्वतःची तुलना करू नये. लेह (सुमारे ३,५०० मीटर) किंवा केदारनाथसारख्या उंच ठिकाणी निरोगी माणसाचा आकडाही खाली येतो.

खरेदी करताना काय तपासावे?

१. परवाना क्रमांक. भारतात पल्स ऑक्सिमीटर हे वैद्यकीय उपकरण म्हणून नियमनाखाली येते. ‘वैद्यकीय उपकरण नियम, २०१७’नुसार खोक्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक, उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव आणि पत्ता असायला हवा. ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’ किंवा ‘फक्त फिटनेससाठी’ असे बारीक अक्षरांत लिहिले असेल, तर ते यंत्र आजारी माणसासाठी घेऊ नये.

२. अचूकता. माहितीपत्रकात ‘७० ते १०० टक्क्यांच्या दरम्यान अधिक-उणे २’ असा उल्लेख शोधावा. ३ पर्यंत चालते. काहीच लिहिलेले नसेल, तर यंत्र ठेवून द्यावे. ऑक्सिमीटरसाठी असलेल्या आयएसओ ८०६०१-२-६१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा उल्लेख असणे ही जमेची बाजू.

३. नाडीची लहर. पडद्यावर ठोक्यागणिक वरखाली होणारी रेषा किंवा पट्टी असलेले यंत्र निवडावे. लहर एकसारखी असेल तर आकडा विश्वासार्ह. ती तुटक असेल तर मापन पुन्हा घ्यावे. काही यंत्रांवर ‘पीआय’ हा आकडाही दिसतो. बोटात रक्तप्रवाह किती जोरकस आहे, ते त्यावरून कळते.

४. फिरणारा पडदा. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण पडद्यावरचे इंग्रजी अंक उलटे धरले तर ९८ चे ८६ दिसतात. वयस्कर व्यक्ती एकटी राहत असेल, तर मोठे अंक आणि दिशा बदलणारा पडदा असलेले यंत्र घ्यावे.

५. बोटाचा आकार. मोठ्यांचे यंत्र तान्ह्या बाळाच्या बोटाला बसत नाही. बाळांसाठी पायाला गुंडाळायचा वेगळा प्रोब असतो. तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

६. बिल आणि वॉरंटी. पक्के बिल घ्यावे. एमआरपी आणि ग्राहक सेवा क्रमांक खोक्यावर छापलेला आहे का, ते पाहावे. जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती. त्यामुळे त्या वेळी अनेक ब्रँडचे दर उतरले. महाग म्हणजे अचूक, असे मात्र नाही. ब्लूटूथ किंवा अ‍ॅपसाठी जास्तीचे पैसे देण्याआधी वरच्या गोष्टी पाहाव्यात.

मोबाइल अ‍ॅप आणि स्मार्टवॉच चालतील का?

कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नये. कोविडकाळात अशा बनावट अ‍ॅपमधून माहिती चोरली जाऊ शकते, असे इशारेही देण्यात आले होते. बहुतेक स्मार्टवॉचमधील मापन सर्वसाधारण आरोग्यासाठी असते, उपचाराचा निर्णय घेण्यासाठी नाही.

यंत्र खरे आहे की नाही, कसे ओळखावे?

पेन किंवा पेन्सिल घालून पाहण्याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर खूप फिरले. पेन्सिलवरही स्थिर आकडा दिसला, तर संशय जरूर घ्यावा. पण आकडा आला नाही म्हणजे यंत्र अचूक आहे, असे सिद्ध होत नाही. त्याहून उपयोगी दोन चाचण्या आहेत :

- मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. यंत्रावरच्या ठोक्यांशी ती जवळपास जुळायला हवी.
- यंत्र दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी त्याच व्यक्तीवर, त्याच वेळी ताडून पाहावे. दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक वारंवार दिसला, तर यंत्र परत करावे.

मापन कसे घ्यावे?

पाच मिनिटे शांत बसावे. हात गार असतील तर चोळून गरम करावेत. नेलपॉलिश काढावे. गडद, विशेषतः काळी मेंदी लावलेले बोट टाळावे. तर्जनी किंवा मधले बोट आत पूर्ण घालून हात छातीच्या पातळीवर स्थिर ठेवावा. पहिला आकडा लगेच धरू नये. ३० ते ६० सेकंदांनी स्थिरावलेला आकडा वेळेसह वहीत लिहावा. बरे असतानाचे आकडे नोंदवून ठेवले, तर आजारपणातली घसरण लगेच लक्षात येते. यंत्र महिनोन्‌महिने वापरायचे नसेल, तर सेल काढून ठेवावेत.

यंत्र कुठे फसते?

सावळी त्वचा : गडद त्वचेवर काही यंत्रे प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतात. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासानंतर हा प्रश्न चर्चेत आला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या एफडीए या नियामक संस्थेने त्याबाबत सूचना काढली. यंत्रावर ९० दिसत असताना रक्तातील खरी पातळी ८६ ते ९४ च्या दरम्यान कुठेही असू शकते, असेही तिने स्पष्ट केले.

गॅस गिझर, शेगडी, धूर : कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली, तरी साधा ऑक्सिमीटर आकडा चांगलाच दाखवतो. त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनमधला फरक कळत नाही. बंद न्हाणीघरात कोणी भोवळ येऊन पडले, तर ऑक्सिमीटर लावत बसू नये. आधी मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालयात न्यावे.

रक्तक्षय : हिमोग्लोबिन कमी असले तरी टक्केवारी ९८ दिसू शकते. आहे तेवढे हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेले असते, पण मुळात तेच अपुरे असते.

आकडा चांगला, पण त्रास होत असेल तर?

अशा वेळी त्रास खरा मानावा. बोलताना धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गोंधळल्यासारखे वागणे किंवा सतत गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसले तर पडद्यावर ९७ असले तरी थांबू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. याउलट, माणूस ठणठणीत असताना आकडा अचानक ८५ दिसला, तर घाबरून न जाता बोट बदलून, हात गरम करून पुन्हा मोजावे. दुसऱ्यांदाही आकडा तोच आला, तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठावे.