लाडबोरीचे कडे आणि दूरचित्रवाणीवरील अंतराळ

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून पेटत्या गोळ्यांची एक रांग सरकत गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्याच्या लाडबोरी गावात धातूचे एक प्रचंड कडे येऊन पडले. व्यास सुमारे तीन मीटर, म्हणजे बैलगाडीच्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट. वजन चाळीस किलोंच्या आसपास. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पुढे परिसरात धातूचे गोळेही सापडले. अशा रात्री माणसे काय काय बोलतात हे वाचकांस सांगावयास नको. उल्का, विमान, क्षेपणास्त्र, आणि तरुणांच्या मोबाइलवर अर्थातच परग्रहवासी!

खरे सांगायचे तर आम्हांस त्या कड्यापेक्षा या शेवटच्या तर्काचे कुतूहल अधिक वाटले. भाताची बांधी, मोहाची फुले आणि वाघाची भीती यांत वाढलेल्या मुलखात परग्रहवासी आला कुठून? आमच्या मते तो आला दूरदर्शनच्या पडद्यावरून, आणि त्याच्या येण्यालाही एक इतिहास आहे.

त्याआधीची एक भीती जुन्या वाचकांस आठवत असेल. अमेरिकेची 'स्कायलॅब' ही अंतराळ प्रयोगशाळा १९७३ साली सोडण्यात आली होती. पुढे ती निकामी झाली आणि ११ जुलै १९७९ रोजी कोसळली. सुमारे ७७ टनांचे हे धूड नेमके कोठे पडेल हे आधी कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हते. आपल्या देशात खेडोपाडी घबराट पसरली. अखेरीस तिचे तुकडे हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तेव्हा आमच्या पिढीची मुले शाळेत जात होती. आकाशातून माणसाने बनविलेली वस्तू पडू शकते, हे आम्हांस प्रथम भीतीतूनच कळले. तोवर आकाशातून पडे तो पाऊस, गारा आणि वीज.

दूरचित्रवाणी या भागात उशिरा आली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकी उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण यांचे कार्यक्रम थेट पोहोचविण्यात आले. त्या सहा राज्यांत आपल्या सीमेलगतचे मध्य प्रदेश व आंध्र प्रदेश होते, महाराष्ट्र मात्र नव्हता. या प्रयोगाशी एका विज्ञानकथालेखकाचे नाते होते. पृथ्वीच्या एकाच बिंदूवर स्थिर भासणाऱ्या उपग्रहांतून जगभर संदेश पाठविता येतील, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली एका नियतकालिकात सविस्तर मांडली होती. पुढे ते श्रीलंकेत स्थायिक झाले आणि 'साइट'च्या काळात भारतीय शास्त्रज्ञांनी कोलंबोतील त्यांच्या घरी उपग्रहाचे कार्यक्रम टिपणारा संच बसवून दिला. कल्पना मांडणाऱ्याच्या दिवाणखान्यात तीच कल्पना चित्र होऊन परत आली! कथाकाराला याहून मोठे मानधन कोणते?

१९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले, १९८३ मध्ये 'इन्सॅट-१ बी' उपग्रह गेला, आणि पुढील काही वर्षांत लहान शहरांतून प्रक्षेपणकेंद्रे उभी राहिली. एका संचासमोर अर्धी वस्ती बसावी असा तो काळ. रविवारची सकाळ म्हणजे आमच्यासारख्यांची मोठी ओढाताण, कारण मिस्सा आणि 'स्टार ट्रेक' यांच्या वेळा फार जवळजवळ येत.

'स्टार ट्रेक' ही मालिका मूळची १९६६ ते १९६९ या काळातली. तीन वर्षांत ७९ भाग झाले आणि ती बंद पडली. दूरदर्शनवर ती आली तेव्हा तिचे देखावे पुठ्ठ्याचे वाटत आणि परग्रहावरचे खडक हलके असल्याचे लहान पोरालाही कळे. तरीही ती आम्हांस आवडली आणि आजही आवडते. शीतयुद्ध ऐन भरात असताना तिच्या नौकेवर अमेरिकी, रशियन, जपानी वंशाचे आणि कृष्णवर्णीय अधिकारी एकत्र काम करीत, ही एक गोष्ट. दुसरी आम्हांस अधिक मोलाची वाटते. अनोळखी काही समोर आले की स्पॉक नावाचा तो टोकदार कानांचा अधिकारी भुवई उंचावून आधी माहिती गोळा करी. शस्त्राचा विचार नंतर. कप्तान कर्क आमच्या सवंगड्यांना प्रिय होता; आमचे मत कायम स्पॉकच्या बाजूचे.

१९८९ साली आपल्याकडे 'स्पेस सिटी सिग्मा' आली. तिच्यावर 'स्टार ट्रेक'ची छाप उघड होती. खलनायक भेसूर, संकट ठरलेले, विजयही ठरलेला. मुलांनी ती चवीने पाहिली, पण अनोळखी म्हणजे शत्रू, एवढाच तिचा हिशेब होता. त्याच वर्षीची, गिरीश कर्नाड यांची भूमिका असलेली 'इंद्रधनुष' ही काळप्रवासाची मालिका आमच्या मते सरस. पण खरी विज्ञानाची गोडी लावली ती कथांनी नव्हे, तर प्रा. यशपाल यांनी. 'साइट' प्रयोगाच्या वेळी अहमदाबादच्या केंद्राचे प्रमुख असलेले हे भौतिकशास्त्रज्ञ नव्वदच्या दशकात 'टर्निंग पॉइंट' कार्यक्रमात प्रेक्षकांच्या साध्या साध्या प्रश्नांना उत्तरे देत. प्रश्न बाळबोध आहे असे त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसले नाही.

मराठीत मात्र हे काम कथेनेच केले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या वळणाचे कौतुक केले.

नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल हेही विज्ञानकथाकार होते. १९६१ साली बीबीसीवर गाजलेली 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका त्यांनी एका सहलेखकाबरोबर लिहिली. अंतराळातून आलेल्या संदेशाबरहुकूम माणसे संगणक बांधतात, असे तिचे सूत्र. याच हॉइल यांनी १९४९ साली नभोवाणीवर बोलताना 'बिग बँग' हा शब्द प्रथम वापरला, तोही प्रतिपक्षाच्या सिद्धांतासाठी. त्या सिद्धांताचा उगम होता बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांच्या संशोधनात. १९५१ साली बारावे पायस या परमगुरूंनी त्या सिद्धांतात निर्मितीच्या श्रद्धेला दुजोरा पाहिला, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच. विज्ञानाचे अनुमान बदलू शकते, त्यावर श्रद्धेचा भार टाकण्याची घाई नको, असे त्यांचे मत होते. विश्वाच्या आरंभाविषयी हॉइल व नारळीकर त्यांच्या विरुद्ध पक्षात उभे होते. घाई न करण्याच्या बाबतीत मात्र हे तिघे एकाच बाकावर बसतील असे आम्हांस वाटते.

नारळीकरांनी फलज्योतिषाचीही परीक्षा घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून त्या ओळखण्यास सांगितले. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासल्या. बरोबर उत्तरे ४६ टक्के. नाणे उडवूनही एवढे साधते! (आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० साली उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. त्यांच्यानंतर २०२१ साली नाशिकच्या अध्यक्षपदी नारळीकरांचीच निवड झाली होती. दिब्रिटो २०२४ मध्ये गेले, नारळीकर २० मे २०२५ रोजी.)

हे सारे आम्ही केवळ करमणुकीच्या गप्पा म्हणून लिहीत नाही. लाडबोरीत कडे पडले त्याच्या आधी सात महिने, २१ ऑगस्ट २०२१ रोजी, याच जिल्ह्यातील जिवती तालुक्याच्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून स्त्रिया व वृद्धांसह सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. तेथेही गावासमोर काहीतरी न समजणारे होते. पण त्याला नाव देण्याची घाई झाली आणि ते नाव शेजाऱ्याचे निघाले.

लाडबोरीत निराळे घडले. कडे सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेण्यात आले, 'इस्रो'चे शास्त्रज्ञ येऊन तपासणी करून गेले. दरम्यान जोनाथन मॅकडॉवेल या अमेरिकास्थित खगोलशास्त्रज्ञांनी कक्षांची नोंद पाहून सांगितले, की फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाचा टप्पा त्याच सुमारास वातावरणात परतणार होता; हे तुकडे बहुधा त्याचेच.

घरी मुले असतील त्यांनी नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा मिळवून मोठ्याने वाचावी. पृथ्वीवर येणारा धूमकेतू शास्त्रज्ञ गाजावाजा न करता वळवितात आणि तो शोधणाऱ्याच्या घरी मात्र शांतिविधीने संकट टळले असे मानले जाते. कथा संपल्यावर मुले घरातल्या मोठ्यांकडे पाहू लागतात, हा आमचा अनुभव आहे.